सव्वा फूट

टक्.

भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि मी दचकले. घरात कितीतरी वेळ आवाजच नव्हता, हे त्या एका आवाजानं कळलं. आतल्या खोलीत ऋता झोपली होती, तोंड उघडं, एक पाय पलंगाबाहेर. किंडरगार्टनमधून बाराला येते, जेवते, आणि दोनच्या सुमाराला अशी आडवी होते. तिची झोप हा माझा दिवसातला एकुलता एक सलग तास. त्यात मी कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर सोडते, थोडं काहीबाही लिहिते, आणि गेला आठवडाभर अण्णांचं टायपिंग करत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आसवड्याला असतात, नदीकाठी. त्यांनी सात पानं हातानं लिहून, प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठवला होता. दोन फोटोंत त्यांचा अंगठाही आला होता. नगरपरिषदेनं नवा विकास आराखडा काढला होता आणि त्यावर अण्णांची हरकत होती. हरकती घ्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. आज मंगळवार. मी दोन मुद्दे भराभर टाइप केले, आणि तिसऱ्या मुद्द्यापाशी येऊन अर्धा तास नुसती बसले होते.

आमच्या कॉलनीच्या खालच्या अंगाला ओत आहे. ओत म्हणजे नदीला लागून असलेली लांबलचक खोलगट पट्टी. पूर आला की पाणी आधी तिथं शिरतं, पसरतं, आणि मग वर बघतं. एरवी तिथं ऊस, वैरण आणि म्हशी. नव्या नकाशात ही हिरवी पट्टी पिवळी झाली होती, म्हणजे रहिवासी. निळी पूररेषा, जिच्या आत बांधकाम करायचं नाही ती, सरकून पार नदीजवळ गेली होती. ओतात भराव टाकून बारा इमारती उभ्या राहणार होत्या.

तिसरा मुद्दा अण्णांच्या अक्षरात असा होता: ‘माझ्या कन्येने एकवीस वर्षांपूर्वीच्या महापुरात वाचनालयाच्या भिंतीवर मारलेली तांबडी रेघ त्रेचाळीस फूट नऊ इंच दाखवते. त्याच वेळी पुलावर पंचेचाळीस फूट पाणी होते, ते मी स्वतः वाचले आहे. हा सव्वा फुटाचा फरक ओताने पाणी घेतल्यामुळे पडला, असे माझे वीस वर्षांचे निरीक्षण आहे.’

कन्या म्हणजे मी.

आसवड्यात घरं फुटांवर ओळखतात. पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावरून. नदी अडतीस फुटांवर गेली की कुंभारआळीत पाणी, एकेचाळीसला बाजारात, असं लहान पोरालाही पाठ. दुकानदार पत्ता विचारताना म्हणतो, “म्हणजे चाळिसाच्या वर की खाली?” सारंग मला बघायला आला तेव्हा अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमचं घर किती फुटांवर?” सारंग डोंबिवलीचा. तो म्हणाला, “चौथा मजला. लिफ्ट नाही.” अण्णा आईकडे वळून म्हणाले, “चालेल.”

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. पुराच्या दिवसांत पुलावर बसून तासातासाला पट्टीवरचं पाणी वाचायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. मागच्या वर्षी ते महिनाभर इथं, सिंगापुरात आले, तेव्हा आम्ही त्यांना मरीना बे दाखवला, बागा दाखवल्या. त्यांना आवडला तो आमच्या ब्लॉकमागचा कॅनॉल. त्याच्या भिंतीवरही पट्टी आहे. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला जाऊन त्यांनी ती वाचली आणि डायरीत लिहिली. झाडलोट करणाऱ्या अंकलनी त्यांना विचारलं, “यू गव्हर्नमेंट?” अण्णा म्हणाले, “रिटायर्ड.” मग दोघं रोज एकमेकांना हात करायचे.

सारंग मरीन सर्व्हेअर आहे. जहाजाच्या अंगावर रंगवलेले आकडे छोट्या बोटीतून वाचायचे, आणि जहाज किती बुडलंय त्यावरून त्याच्या पोटात माल किती हे सांगायचं, असं त्याचं काम. त्यामुळं सासऱ्या-जावयाचं अगदी जमतं. दोघंही पाण्याकाठी उभं राहून आकडे वाचणारे.

आणि मी? मी आयुष्यात एकच आकडा लिहिला, आणि तो खोटा होता.

हे मला आत्ता आत्ता आठवलं, असं म्हणवत नाही. विसरले होते असंही नाही. एखादी वस्तू कपाटाच्या मागं पडलेली असते, ती तिथं आहे हे आपल्याला ठाऊक असतं, पण कपाट कोण ओढणार, तसं ते होतं. कपाट ओढलं ऋतानं, परवा रविवारी.

आमचं घर भाड्याचं. मालकीणबाईंनी भिंतीला टाचणीसुद्धा लावू नका म्हणून बजावलेलं. म्हणून दारावर कागदाची लांब पट्टी चिकटवून तिच्यावर मी ऋताची उंची लिहिते. रविवारी ती हटून बसली, आज बाबाची उंची घ्यायची आणि रेघ तिनंच मारायची. सारंग दाराला पाठ लावून ताठ उभा राहिला. ऋता टाचा उंचावून, जीभ बाहेर काढून, हात ताणून ताणून वर गेली, आणि त्याच्या बरगडीपाशी तिनं एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, BABA.

“अगं, मी एवढाच?” सारंग म्हणाला.

“यू व्हेरी टॉल, लाह,” ऋता म्हणाली. “बट माय हँड फिनिश ऑलरेडी.”

“हात संपला म्हणे!” सारंग हसत सुटला. मीही हसले. आणि हसता हसता माझ्या पायांखाली चिखल आला.

मी नऊ वर्षांची होते. पुराचे पाच दिवस आम्ही वरच्या शाळेत होतो, अण्णा पुलावर. तेव्हा कॉलनीत मोजकीच घरं, तीही सगळी वरच्या अंगाला. पाणी रस्त्यापर्यंत आलं आणि परतलं. भिंतीला पाणी लागलेली इमारत एकच, ओताच्या काठावरचं वाचनालय. सहाव्या दिवशी अण्णांची जीप रस्त्यावर थांबली. ते उतरलेसुद्धा नाहीत. डोळे तांबडे, दाढी वाढलेली. तांबड्या रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात देऊन म्हणाले, “अशू, वाचनालयाच्या भिंतीवर ओलीची वरची कड दिसेल. चिखलाची रेघ असते बघ. तिच्यावर रंगाची रेघ मार. नीट. पुढं कामाला येईल.” आणि गेले पंचनाम्याला. एवढं मोठं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

चिखलाची रेघ दिसली. माझ्या खूप वर होती. मी वीट आणली, तिच्यावर चढले, हात ताणला. पोचेना. वीट उभी केली तर मी पडले, फ्रॉकला रंग लागला. मग वीट परत आडवी ठेवून, हात जिथवर जात होता तिथं मी एक सुंदर, सरळ रेघ मारली. खाली तारीख घातली. चिखलाची कड त्या रेघेच्या वर राहिली, माझ्या दोन विती तरी. कुणाला बोलवावंसं वाटलं नाही. काम मला सांगितलं होतं ना.

गावोगावचे पंचनामे उरकून अण्णा घरी आले ते दिवाळीला. तोवर भिंत धुऊन, रेघ तेवढी सोडून, तिला चुना मारून झाला होता. त्यांनी ऑफिसचं मशीन आणून पुलाच्या पट्टीशी रेघ ताडून बघितली आणि रात्रभर विचार करून सकाळी आईला म्हणाले, “सव्वा फूट कमी आलंय. ओतानं घेतलं पाणी. बघितलंस?” माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी गप्प बसले. त्या दिवशी बोलले असते तर फार तर एक धपाटा मिळाला असता.

त्यानंतर दोनदा पूर आला, पण दोन्ही वेळा चाळिसाच्या आत. रेघेपर्यंत कधी पोचलाच नाही. आणि अण्णांचा सव्वा फूट गावात पक्का झाला. कॉलनीत खाली खाली घरं होत गेली तशी माणसं त्यांना विचारायला यायची, “काका, जोतं किती घेऊ?” अण्णा सांगायचे, “चव्वेचाळीस घे. निर्धास्त झोप.” माझी शाळेतली मैत्रीण चैताली, तिचं घर असंच चव्वेचाळीसला आहे.

गेल्या वर्षी आराखड्यासाठी सर्व्हे करणाऱ्या खासगी कंपनीची माणसं आली. जुन्या पुराची खूण कुठं आहे का, विचारत होती. अण्णांनीच त्यांना वाचनालयाशी नेलं, चहा पाजला, रेघेशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. त्या माणसांनी त्यावरून लिहिलं: या बाजूला पाणी त्रेचाळीस-नऊच्या वर जात नाही. म्हणजे चव्वेचाळीसपर्यंत भराव टाकला की झालं. बांधा.

“माझीच रेघ माझ्यावर उलटवली गं!” अण्णा फोनवर ओरडत होते. “अरे, ती खाली आहे ती ओतामुळं! ओत बुजवला तर ती वर जाईल, एवढं कळत नाही यांना?”

मी सगळं ऐकून “हो ना” म्हटलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी सारंग बंदरावरून आला, जेवायला बसला, तेव्हा मी त्याला सांगितलं. ऋता शेजारी वरणभाताचे डोंगर करत होती. सारंगनं घास हातात तसाच धरून ऐकलं.

“म्हणजे अण्णांचं संशोधन ते तुझा हात,” तो म्हणाला.

“चेष्टा करू नकोस.”

“नाही करत. तू नऊ वर्षांची होतीस.”

“आता तीस वर्षांची आहे.”

तो जरा वेळ जेवला. मग म्हणाला, “समज, तू नाही सांगितलंस. अण्णांचं म्हणणं ते मानतील?”

“मानतीलही.”

“आणि नाही मानलं तर? मग काय उरतं? रेघ उरते. रेघ म्हणते, चव्वेचाळीसला घर बांधा, काही होत नाही. आणि खरं पाणी होतं पंचेचाळीस. ओत होता तेव्हासुद्धा. तो बुजवल्यावर तर देव जाणे.”

“मला कळतंय रे ते.”

“मग?”

“वीस वर्षं ते त्या सव्वा फुटावर उभे आहेत, सारंग. रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे दुसरं आहे काय? गावात त्यांना पाणीवाले अण्णा म्हणतात.”

“माझ्याकडे एखाद्या जहाजाचा आकडा चुकीचा रंगवलेला निघाला,” सारंग म्हणाला, “तर मी कॅप्टनला सांगतो. तो ओरडतो. मी उभा राहून ऐकून घेतो. दुसरं काय करणार?”

“कॅप्टन तुझा बाप नसतो.”

“नसतो,” तो म्हणाला, आणि ऋताच्या डोंगराला त्यानं तुपाची वाट काढून दिली.

बुधवारी दुपारी मी भित्रेपणा केला. तिसऱ्या मुद्द्यात त्रेचाळीस फूट नऊ इंच खोडून गुपचूप पंचेचाळीस फूट लिहिलं, सव्वा फुटाचं वाक्य गाळलं, आणि सगळं टाइप करून अण्णांना पाठवून दिलं. वाटलं, सात पानांत काय कळतंय. ज्या माणसानं तीस वर्षं फक्त आकडे वाचले, त्याच्याबद्दल मला असं वाटलं.

दहा मिनिटांत फोन.

“अशू, तिसऱ्यात पंचेचाळीस कुठनं आलं?”

“अण्णा…”

“माझं अक्षर लागलं नाही काय? त्रेचाळीस-नऊ आहे ते. आणि खालचं वाक्य कुठं गेलं? तेच तर मुख्य आहे की.”

“अण्णा, रेघ चुकीची आहे.”

“कुठली?”

“माझी.”

मग मी सांगितलं. वीट, चिखल, फ्रॉक, सगळं. आवाज खाली ठेवून, ऋता उठेल म्हणून. आणि त्या दबलेल्या आवाजामुळं मला पुन्हा नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटत होतं. पलीकडून फक्त त्यांच्या पंख्याची घरघर येत होती. मागून आई विचारत होती, “काय झालं? पोरगी बरी आहे ना?”

“वीट आडवी होती का उभी?” अण्णांनी विचारलं.

“काय?”

“वीट, वीट. आडवी ठेवली होतीस का उभी?”

“आडवी. उभी केली तर पडले.”

“लागलं होतं?”

“नाही… गुडघ्याला, थोडं.”

“हं. ओल रेघेच्या किती वर होती?”

“दोन विती. तेव्हाच्या माझ्या. जास्तच.”

“बरं,” अण्णा म्हणाले. “ठेवतो.”

त्यांनी रागावून फोन ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हळू ठेवला.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. मी तीनदा केला, कुणी उचलला नाही. ऋताला घेऊन कॅनॉलच्या कडेनं फिरायला गेले. दुपारी मोठा पाऊस होऊन गेला होता, पाणी तांबूस, भिंतीच्या निम्म्यावर, सरळ कुठंतरी घाईनं निघालेलं. झाडलोटवाले अंकल भेटले. “युअर फादर?” म्हणाले. “गुड,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

गुरुवारी सकाळी आईचा फोन. आई फोनवर कधी नमस्कार-चमत्कार करत नाही, एकदम मधूनच सुरू होते.

“काल वेड लागल्यासारखं केलं बघ तुझ्या वडिलांनी. जेवले नाहीत. माळ्यावरची ट्रंक काढली, तुझं चौथीचं प्रगतिपुस्तक शोधलं. त्यात उंची लिहिलेली असते म्हणे. मग टेप घेतली आणि गेले चैतालीकडं. तिची पोरगी नऊ वर्षांचीच आहे ना. तिला घेऊन वाचनालयाशी, विटेवर उभं केलं, हातात ब्रश दिला आणि म्हणाले, हात वर कर. अगं, माणसं गोळा झाली! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.”

“रागावलेत का?”

“मला काय सांगतायत? तूच विचार. घ्या हो, बोला तिच्याशी.”

अण्णांनी फोन घेतला. घसा साफ केला.

“चौथीत तू एकशे सव्वीस सेंटिमीटर होतीस,” ते म्हणाले. “चैतालीची पोर एकशे सत्तावीस. एक वजा केला. हात, आडवी वीट, ब्रशाची दांडी, सगळं धरून जमिनीपासून पाच फूट सहा इंच. आणि रेघ आहे पाच फूट सहा इंचांवर. सूतभर फरक नाही.”

“अण्णा, मला माफ करा.”

“वीस वर्षं मी तुझी उंची वाचत होतो गं,” अण्णा म्हणाले, “आणि लोकांना पुराची म्हणून सांगत होतो.”

ते हसले असावेत, किंवा तसा आवाज आला.

“रेघ मात्र सरळ मारलीयस. पाणी मारतं तशी.”

“चैतालीला सांगितलंत?”

“आधी तिलाच सांगितलं. म्हटलं, तुझं जोतं मी सांगितलं, ते एक फूट कमी पडलंय. पुढच्या वेळी पंचेचाळीस येणार म्हणाले तर घरात थांबू नको, सामान वर टाक आणि पोरीला घेऊन माझ्याकडं ये. चैताली म्हणाली, काका, घर तर बांधून झालं, आता चहा तरी घ्या. मी घेतला. काय करणार.”

चैतालीनं दिलेला तो चहा ते कसा प्याले असतील, हे मला दिसत होतं. खुर्चीच्या कडेला बसून, बशी गुडघ्यावर, नजर जमिनीकडे.

“आता लिहून घे,” ते म्हणाले. “मुद्दा तिसरा.”

मी लॅपटॉप ओढला. त्यांनी सांगितलं, पाठ केल्यासारखं, एकेक शब्द: “वाचनालयाच्या भिंतीवरील रेघ चुकीची असून ती पूररेषेसाठी ग्राह्य धरू नये. रेघ मारते वेळी मी स्वतः हजर नव्हतो व नंतरही मी खात्री केली नाही. चूक माझी आहे.”

“अण्णा, हे मी नाही लिहिणार. मुलगी नऊ वर्षांची होती, तिचा हात पोचला नाही, असं लिहूया.”

“ते तू तुझ्या कागदात लिही. हा माझा कागद आहे.”

“पण तुमची चूक कशी?”

“पुलावरचं पाणी मी तासातासाला वाचलं. तिथं कुणाच्या सांगण्यावर एक इंच लिहिला नाही. आणि आपल्या दारची रेघ लेकीनं मारलीय म्हणून एकदाही हात लावून बघितली नाही. इतकं बरं वाटत होतं ती बघायला. लिही. चूक माझी आहे. पूर्णविराम.”

मी लिहिलं.

“आता ते विचारतील, मग पंचेचाळीस कशावरून? चिखलाची कड तर चुन्याखाली गेली. ती बघितलेलं माणूस एकच आहे, आणि ते सिंगापुरात. तुझ्या हातानं लिहून, सही करून पाठव. जेवढं दिसलं तेवढंच. फुगवू नको.”

“मानतील का, अण्णा? नऊ वर्षांच्या मुलीचं?”

“नाही मानले तर नाही मानले. बारा इमारतींतली माणसं माझ्या भरवशावर झोपणार होती, ते तरी नको.”

शुक्रवारी सकाळी ऋताला शाळेत सोडून मी घरी गेलेच नाही. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलं आहेत, म्हातारे तिथं पट मांडून बसतात. त्यांच्या शेजारच्या टेबलाशी मी वही घेऊन बसले. कागदावर मराठी लिहून किती दिवस झाले होते. ‘मी, अश्लेषा, त्या वेळी वय वर्षे नऊ’ असं सुरू केलं आणि भिंतीची ती ओल पुन्हा समोर आली. तिचा वास, तिच्यावर चिकटलेलं उसाचं एक पाचट, कडेवर ओळीनं बसलेले मुंगळे. मुंगळे लिहिले नाहीत. पाचट लिहिलं. ‘माझा हात पोचला नाही आणि मी कोणाला सांगितले नाही’ हे वाक्य दोनदा लिहून पाहिलं. दुसऱ्या वेळी अक्षर बरं आलं. सही केली. फोटो काढला. माझाही अंगठा आला त्यात. तसाच पाठवला, अण्णांकडे तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि ते अंघोळ करून, कपडे घालून बसलेले असणार हे मला माहीत होतं.

संध्याकाळी ऋताला मांडीवर घेऊन केस विंचरत होते, तेव्हा व्हिडिओ कॉल आला. अण्णा नगरपरिषदेच्या पायरीवर बसले होते. घाम आलेला, पण बरे दिसत होते. हातातला कागद त्यांनी इतका जवळ आणला की पडद्यावर नुसता जांभळा शिक्का दिसायला लागला.

“पोच मिळाली! दिसली का?”

“लांब धरा, अण्णा.”

“क्लार्क म्हणतो, काका, लोक दुसऱ्याच्या चुका लिहून आणतात, तुम्ही स्वतःची आणलीय? म्हटलं, बाबा, मुदत आजची आहे. उद्या आणली असती तर तू घेतली नसतीस.” ते खूश होऊन हसले. “सुनावणीची तारीख कळवतील. मी तुला व्हिडिओवर उभं करायचं म्हणतोय. बोलशील का?”

“बोलेन.”

“अण्णाआजोबा, यू सो स्वेटी,” ऋता म्हणाली.

“हो बाळा. इथं ऊन फार.” त्यांनी फोन फिरवला. “हे बघ, अशू, समोरच लावलंय त्यांनी. अजून हरकती ऐकायच्यात, आणि बोर्ड आधीच वर.”

रस्त्यापलीकडे एक भलामोठा फलक होता. निळं आकाश, बारा पांढऱ्या इमारती, मागं चकचकीत नदी, आणि पुढं हिरवळीवर गुलाबी सायकल चालवणारी एक मुलगी. दोन वेण्या, दात पडलेलं हसू. ऋताएवढीच असेल.

ऋतानं माझ्या हातातला फोन दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढला. ती त्या मुलीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“आई, हिला पोहता येतं?”